वलंदेज पूर्वजाचा माग: भुसावळ–कोची आडनाव प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

काम हाती घेतलं. घराणं अँग्लो-इंडियन. दोन पिढ्या भुसावळला रेल्वेत, त्याआधी कोची. आडनाव पितृनामाच्या (बापाच्या नावावरून बनलेल्या) छापाचं, रोमन लिपीत शेवटी एस-झेड. नोंदींत त्याऐवजी 'हेंड्रिक्स' लिहितो आहोत. खरं आडनाव, हयात माणसांची नावं, पत्ते या वहीत येणार नाहीत. घरात चालत आलेली हकिकत अशी: मूळ पुरुष हॉलंडचा, जहाजावरचा कप्तान, कोचीत उतरला आणि तिथलाच झाला.

'कप्तान' तूर्त बाजूला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या (व्हीओसी, स्थापना १६०२) जहाजांवरून आलेल्यांत बहुसंख्य साधे शिपाई आणि खलाशी होते. घरोघरच्या आठवणीत मात्र सगळे कप्तानच निघतात.

कुलवृत्तांत वाचायची सवय असलेल्यांना एक गोष्ट उलटी करावी लागते. कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली उतरतो. इथे मूळ पुरुष कोण हाच प्रश्न आहे, म्हणून हयात माणसापासून वर चढायचं, एका वेळी एकच पिढी. प्रत्येक पायरीला निदान एक कागद असा हवा, ज्यावर मूल आणि बाप (किंवा आई) यांची नावं एकत्र आहेत. आडनाव जुळतं एवढ्यावर पायरी ओलांडायची नाही.

तक्त्याचे रकाने ठरवले: नाव जसंच्या तसं (स्पेलिंग न सुधारता), आपण मानलेलं रूप, तारीख, गाव, कागदाचा प्रकार, कोणी कोणाशी नातं सांगितलं, साक्षीदार, दप्तराचा क्रमांक आणि पान, खात्री (पक्की / संभाव्य / नुसता अंदाज). साक्षीदारांचा रकाना बरेच जण ठेवत नाहीत. तो ठेवाच.

१२ जानेवारी

आडनावांचे ढीग केले. घराण्यात लग्नसंबंधाने आलेली आडनावंही यात घेतली, कारण माग कोणत्या फांदीवर सापडेल ते आधी सांगता येत नाही.

पहिला ढीग पोर्तुगीज: डिक्रूझ, डिकोस्टा, रोझारिओ, परेरा. कोचीत ही नावं असलेली कुटुंबंही 'आम्ही डच' म्हणताना आढळतात. गोव्यातल्या फर्नांडिस–डिसूझांचं आहे तेच इथे: आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं असू शकतं, रक्ताचा संबंध त्यातून सिद्ध होत नाही. श्रीलंकेत परेरा, सिल्वा, फर्नांडो ही आडनावं असलेले लाखो सिंहली आहेत, ते पोर्तुगिजांचे वंशज नव्हेत.

यातच एक फसवा भाग म्हणजे सुरुवातीचं 'डी'. पोर्तुगीज आडनावात ते 'चा, ची' या अर्थाचं. डच आडनावात ते इंग्रजीतल्या 'द' सारखं, म्हणून डी फोस म्हणजे कोल्हा, डी यॉन्ग म्हणजे धाकटा. 'डी' दिसलं की पुढचा शब्द कोणत्या भाषेतला ते बघायचं, मग ढीग ठरवायचा.

दुसरा ढीग 'व्हान'वाल्यांचा ('व्हान' म्हणजे डचमध्ये 'अमुक गावचा'). व्हान लांगेनबर्ग, व्हान क्यूलेनबर्ग ही खरी आडनावं. पण कंपनीच्या कागदांत 'यान पीटर्स व्हान आम्स्टरडाम' असं दिसलं तर तिथे 'आम्स्टरडाम' हे गाव आहे, आडनाव 'पीटर्स'. शोधताना माणसं हमखास 'व्हान आम्स्टरडाम' टाकून बसतात आणि काही सापडत नाही म्हणून सोडून देतात. 'व्हान कोची', 'व्हान मलबार', 'व्हान बंगाल' ही तर तिसरीच गोष्ट. कंपनी गुलामांना अशी नावं द्यायची. केप ऑफ गुड होपच्या नोंदींत भारतातून नेलेले कितीतरी स्त्री-पुरुष याच नावांनी सापडतात. मात्र कोचीत जन्मलेला गोऱ्याचा मुलगाही शिपायांच्या यादीत 'व्हान कोची'च असतो. नावाशेजारी 'स्वतंत्र', 'गुलाम', 'शिपाई' यांपैकी काय लिहिलंय, निवाडा त्यावर होतो.

तिसरा ढीग जर्मन, फ्रेंच, स्कँडिनेव्हियन. कंपनीच्या शिपायांत परदेशी लोकांचा भरणा मोठा होता आणि त्यांत जर्मन प्रांतांतले सर्वांत जास्त. कोलंबोच्या बर्गर (युरोपीय पूर्वज सांगणाऱ्या) समाजात कोख, एबर्ट, लोरेन्झ ही आडनावं दिसतात, तूसँसारखं फ्रेंच वळणाचंही. 'डच वंश' म्हणून सुरू केलेला तपास हॅनोव्हरच्या खेड्यात संपला तर त्यात नवल नाही.

चौथा ढीग दिसायला डच, मुळात इथलाच. ओन्दात्ये हे श्रीलंकेतलं नाव डच स्पेलिंगमुळे युरोपीय वाटतं. घराण्याचा पहिला पुरुष तंजावरहून १६५९ मध्ये कोलंबोला गेलेला वैद्य, असं परंपरा सांगते. (तंजावर म्हटलं की आपल्याला भोसले आठवतात, १६५९ मध्ये तिथे नायकांचं राज्य होतं, व्यंकोजीराजे नंतरचे.) डच लेखनिकाने कानावर पडलेलं नाव स्वतःच्या स्पेलिंगात उतरवलं, एवढाच त्यातला डच भाग.

आपलं 'हेंड्रिक्स' पाचव्या ढिगात, पितृनामांच्या: यान्स, पीटर्स, आंथोनिस, बार्थोलोमेउस. शेवटचं एस-झेड म्हणजे 'अमक्याचा मुलगा' याचा संक्षेप. हा ढीग सर्वांत अवघड. हेंड्रिक्स नावाच्या माणसाच्या बापाचं आडनाव हेंड्रिक्स असेलच असं नाही. बापाचं नाव हेंड्रिक होतं, इतकंच ते सांगतं. त्याचं आडनाव काहीही असू शकतं. नेदरलँड्समध्येही आडनाव कायम करण्याचा सरकारी हुकूम नेपोलियनच्या काळात, १८११ मध्ये निघाला. म्हणजे वर चढताना एका विशिष्ट पिढीला आडनावाचा धागा तुटणार. ती पिढी कोणती, हे आधीच हेरून ठेवायचं.

२० जानेवारी

घरातल्या एका शाखेचा आग्रह: मूळ पुरुष वेंगुर्ल्याच्या डच वखारीतला असावा, म्हणून कोकणातून सुरुवात करा. वखार खरी आहे. आदिलशाहीच्या परवानगीने १६३७ मध्ये डचांनी ती काढली, तिचे अवशेष आजही उभे आहेत, आणि आज्ञापत्रातल्या टोपीकरांत 'वलंदेज', म्हणजे डच, आहेतच. पण वखार सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडली. कंपनीच्या जहाजांच्या पगारवह्या सलग हाती लागतात त्या साधारण १७०० पासून. वेंगुर्ल्याचा शिपाई त्यांत भेटणार नाही. आणि घराण्याचा एकही कागद कोकणातला नाही. हा धागा बंद.

३ फेब्रुवारी

भुसावळची पायरी. ब्रिटिश काळातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला पाद्री प्रांताच्या राजधानीला पाठवत, तिथून त्या लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत: बंगाल एन-१ (१७१३ पासून), मद्रास एन-२ (१६९८ पासून), मुंबई एन-३ (१७०९ पासून). भुसावळ मुंबई इलाख्यात, म्हणून एन-३. कोचीचा ब्रिटिश भाग मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात, म्हणून एन-२. कोची आज केरळात आहे म्हणून त्रावणकोर–कोचीन संस्थानांच्या दप्तरात शोधणारे पुष्कळ भेटतात; किल्ल्याचा भाग संस्थानाचा नव्हता.

शोधायला फाइंडमायपास्टवर (वर्गणी भरून) प्रतिमा मिळतात. फिबिस या संस्थेच्या याद्या फुकट आहेत. फॅमिलीसर्चवर सूची मिळते, पण सूचीवर थांबायचं नाही, मूळ पान बघायचंच. सूची करणाऱ्याने एस-झेडचं 'एस' केलेलं असतं, कधी 'एक्स', कधी शेवटचं अक्षर गाळलेलंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही बापाचं नाव असतं, त्यामुळे ती नोंद सर्वांत मोलाची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावं, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. दफनाच्या नोंदीत वय असतं, पण नातं नसतं. तिच्यावरून फक्त जन्मसालाचा अंदाज बांधायचा, तोही पाचेक वर्षं इकडेतिकडे धरून. भुसावळच्या लग्नाच्या नोंदीवरून एक पिढी वर गेलो, बापाचं नाव मिळालं. एन-२ मध्ये त्या नावाचा बाप्तिस्मा कोचीत सापडला, आईबापांसह. दोन पायऱ्या पक्क्या.

या नकला अपुऱ्या असतात, हे लक्षात ठेवायचं. पाद्री दौऱ्यावर असला, आजारी पडला, तर त्या सहामाहीची नक्कल गेलीच नाही असं होतं. कॅथलिकांच्या नकला १८३५ च्या सुमारापासून पुढेच येऊ लागतात. नोंद सापडली नाही म्हणजे घटना झाली नाही असं नव्हे. मूळ चर्चची वही बघावी लागते.

१७ फेब्रुवारी

स्पेलिंगांचा तक्ता. प्रत्येक संकेतस्थळावर हा पूर्ण चालवायचा, एकच रूप टाकून थांबायचं नाही. डच 'आय-जे' आणि 'वाय' एकमेकांच्या जागी येतात. 'सी', 'के', 'सी-के' तसेच. 'एस' आणि 'झेड' तसेच. दुहेरी 'ए' आणि 'ए-ई' तसेच. जर्मन 'श्मिट' डच वहीत 'स्मिट' होतो, इंग्रजीत 'स्मिथ'. 'व्हान देर' डच सूचीत अनुक्रमासाठी धरत नाहीत: व्हान क्यूलेनबर्ग 'सी'खाली शोधायचं. इंग्रजी सूचीत तेच 'व्ही'खाली. कोलंबोत ते कित्येकदा जोडूनच लिहिलेलं, व्हानडॉर्टसारखं.

डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, आणखी एक चाल होती. लग्नाबाहेरच्या अपत्याला बापाच्या आडनावाची अक्षरं उलटी करून नाव द्यायचं. फेरमेरचं 'रेमरेव्ह' झालेलं प्रसिद्ध आहे. कोचीच्या आमच्या कागदांत अशी उदाहरणं नाहीत, पण जावा–सुमात्राकडचा तपास करणाऱ्याने न ओळखू येणारं आडनाव एकदा मागून वाचून पाहावं.

५ मार्च

फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्च. डचांनी जानेवारी १६६३ मध्ये पोर्तुगिजांकडून कोची घेतलं, तेव्हापासून १८०४ पर्यंत हे त्यांच्या रिफॉर्म्ड पंथाचं चर्च होतं, त्यानंतर अँग्लिकनांकडे गेलं. ब्रिटिशांनी शहर ऑक्टोबर १७९५ मध्येच घेतलं होतं. या चर्चमधली 'डोपबूक', म्हणजे बाप्तिस्मा आणि लग्नांची वही, १७५१ ते १८०४ ची आहे. मूळ वही जपून ठेवलेली, पाहुण्यांना तिची छायाप्रत पाहता येते. कामासाठी आधी लेखी परवानगी मागा आणि नावं नव्हे तर साल–महिना कळवा. कोणालाही दोनशे वर्षांची वही अख्खी चाळू द्यायला आवडत नाही.

१७५१ हा आकडा भिंतीसारखा आहे. १६६३ ते १७५१ या काळातल्या कोचीच्या बाप्तिस्म्यांसाठी चर्चची वही हाताशी नाही. तिथून पुढचं सगळं काम कंपनीच्या दप्तरावर.

वाचताना महिने सांभाळा. '७बर' म्हणजे सप्टेंबर, '८बर' ऑक्टोबर, '९बर' नोव्हेंबर, 'एक्सबर' डिसेंबर. लॅटिन आकड्यांवरून आलेले संक्षेप आहेत हे. सातवा महिना म्हणून जुलै लिहिला की बाप्तिस्मा जन्माच्या आधी पडतो आणि पुढचा सगळा हिशेब फिसकटतो.

एन-२ मधल्या आजोबांचे आईबाप वहीत सापडले, अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले. त्यांतल्या बापाच्याही बापाचं लग्न १७७० च्या दशकातलं. तो 'हेंड्रिक्स', जन्म कोची. या माणसाला पुढे 'क' म्हणतो. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा वहीत नाही. लग्नाच्या वेळचं वय पाहता तो १७५१ च्या आधीचा. आडनावाचा धागा तुटायची पिढी हीच.

आता साक्षीदारांचा रकाना उघडला. 'क'च्या पहिल्या मुलाचं नाव हेंड्रिक. डच रिवाजात पहिला मुलगा बहुधा बापाच्या बापाच्या नावाने, दुसरा आईच्या बापाच्या. (आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात त्यापेक्षा फार वेगळं नाही.) त्या बाप्तिस्म्याचा साक्षीदार म्हणून एक हेंड्रिक उभा आहे, आणि त्याला स्वतःचं असं जर्मन वळणाचं आडनाव आहे. साक्षीदार बहुतेक वेळा जवळचा नातलग असतो. तो आजोबा असणं संभाव्य. पक्कं म्हणता येत नाही.

डच दफनभूमी पाहिली. १७२४ पासूनची, १०४ थडगी. फाटक बंद असतं. किल्ली चर्चकडून मागायची. शिलालेख मुख्यतः अधिकारी आणि व्यापाऱ्यांचे. महिना ९ गुल्डन (डच नाणं) पगाराच्या शिपायाला दगड परवडत नसे, त्यामुळे 'आमचं थडगं नाही' यावरून काही ठरत नाही.

१८ मार्च

चेन्नई, एग्मोर, तमिळनाडू अभिलेखागार. कोचीचं डच दप्तर ब्रिटिशांनी मद्रासला हलवलं, ते इथे आहे. त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती हेगच्या नॅशनाल आर्खीफच्या (नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या) संकेतस्थळावरही पाहता येतात. म्हणून आधी घरी बसून खंड ठरवा, न वाचता येणाऱ्या पानांसाठीच प्रत्यक्ष जा. शाईतल्या लोहामुळे कागद अक्षरांच्या आकारात जळालाय, काही पानं हात लावताच सुटतात. स्कॅनमध्ये मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली दिसते. चित्र उलटं करून मागचं पान वाचलं की पुढचं वेगळं काढता येतं.

इथे शोधायचं ते मृत्युपत्रं, अनाथ मुलांच्या मालमत्तेचे हिशेब, घरविक्रीचे कागद, गुलामांना मुक्त केल्याचे दाखले. मृत्युपत्रात 'लग्नाशिवाय झालेला मुलगा' असा स्पष्ट उल्लेख सापडतो, चर्चच्या वहीत तो झाकलेला असतो. आईबद्दलची माहितीही याच कागदांत. बहुतेक वेळा ती इथलीच: कॅथलिक तुपास कुटुंबातली (पोर्तुगीज बोलणारे ख्रिस्ती), किंवा मुक्त झालेली दासी. ज्या वंशावळींत ती नुसती 'मारिया' म्हणून सोडून दिलेली असते, त्या अर्ध्या वंशावळी.

साक्षीदार हेंड्रिकचं नाव एका घरविक्रीच्या कागदावर आहे, 'माजी शिपाई, आता नागरिक' असं. म्हणजे कंपनीची नोकरी सोडून शहरात स्थायिक झालेला.

१५ एप्रिल

हजेरीपट. डच नाव 'मोन्स्टररोल'. दर वर्षी ३० जूनला प्रत्येक ठाण्यावर कोण कोण नोकरीत आहे त्याची यादी नेदरलँड्सला पोहोचायची, व्हीओसीच्या संग्रहात (नॅशनाल आर्खीफ, १.०४.०२) त्या वर्षवार लावलेल्या आहेत. मलबार, सिलोन, कोरोमंडल वेगवेगळे. एकेका ओळीत नाव, मूळ गाव, कोणत्या जहाजातून कधी आला, हुद्दा, महिन्याचा पगार.

हे दप्तर लोक वगळतात आणि थेट जहाजांच्या सूचीकडे धावतात. तिथे गडबड होते. जहाजांच्या पगारवह्यांत फक्त युरोपातून निघालेली माणसं आहेत. कोचीत जन्मून कोचीतच भरती झालेला 'क' त्यांत असूच शकत नाही. हजेरीपटात तो आहे, मूळ गाव 'कोची'. जहाजांच्या सूचीत 'हेंड्रिक्स' टाकलं तर शेकड्यांनी उत्तरं येतात, त्यांतला एखादा कोचीला पोहोचलेलाही निघतो, आणि घराणं त्याच्याशी जोडून टाकलं जातं. आंतरजालावरची कितीतरी झाडं अशीच वाढलेली आहेत.

'क'च्या जन्माच्या अंदाजाच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची दोन, अशा याद्यांतले मलबारचे सगळे 'हेंड्रिक' उतरवून काढले, आडनाव काहीही असो. पितृनामाच्या घराण्यात हेच करावं लागतं, दुसरा उपाय नाही. मग गाळणी लावली: त्या वर्षी कोचीतच होता का (मलबारच्या यादीत कोल्लम, कण्णूर, कोडुंगल्लूर हीही ठाणी येतात), नंतर किती वर्षं दिसतो, बदली होऊन कुठे गेला. दोन उरले. एक साक्षीदार हेंड्रिक. दुसरा तोफखान्यातला, मूळ गाव डान्झिग.

हाताने उतरवण्याआधी ग्लोबलाइज प्रकल्पाचा मजकूरशोध जरूर वापरा: कंपनीच्या आशियातून आलेल्या पत्रांची आणि अहवालांची जवळपास ५० लाख पानं त्यांनी यंत्राकडून लिप्यंतरित करून घेतली आहेत. यंत्र लांब 'एस'चा 'एफ' वाचतं आणि विशेषनामांत सर्वाधिक चुकतं, म्हणून नावाऐवजी हुद्दा, ठाणं आणि साल यांवरून शिरलेलं बरं.

६ मे

जहाजांच्या पगारवह्या. आता दोघांची जहाजं आणि सालं माहीत आहेत, त्यामुळे 'ओपव्हारेन्डन' या सूचीत (१६९९ ते १७९४, साडेसहा लाखांवर नोंदी) अचूक बोट ठेवता आलं. सूचीवरून मूळ वहीचं पान उघडायचं.

पान जोडीचं. डावीकडे नावे (शिपायाकडून येणं), उजवीकडे जमा. डावीकडे निघतानाची दोन महिन्यांची आगाऊ रक्कम, सामानाची पेटी, आणि बहुतेक शिपायांच्या खात्यावर १५० गुल्डनांपर्यंतची कर्जचिठ्ठी. भरती होईपर्यंत खाऊपिऊ घालणाऱ्या दलालाकडे ती जायची. शिपायाचा पगार महिना ९ गुल्डन. म्हणजे पहिलं दीड वर्ष तो फुकटच राबतो. 'कप्तान' म्हणणाऱ्यांना हे पान दाखवण्यासारखं आहे. उजवीकडे वर्षवार कमाई. शेवटी नोकरी कशी संपली: मृत, मायदेशी परत, बेपत्ता, पळून गेला. पुढे तारीख आणि जागा.

डान्झिगचा तोफवाला इथे गळला. तो 'क'च्या जन्माच्या अंदाजाच्या कितीतरी आधी परतीच्या जहाजावर चढलेला. हजेरीपटातलं पुढच्या वर्षीचं नाव त्याच नावाच्या दुसऱ्याचं निघालं, जहाज वेगळं. जहाजाचा रकाना ताडून न पाहता नुसतं नाव–गाव धरलं असतं, तर हे कळलं नसतं.

साक्षीदार हेंड्रिकच्या पानावर एक मासिक वेतनचिठ्ठी आहे. शिपायाला वर्षाकाठी तीन महिन्यांपर्यंतचा पगार मागे राहिलेल्या बायकोला, मुलांना किंवा आईबापांना देता यायचा. कोणाला, ते पानावर लिहिलेलं असतं. इथे 'आई'. म्हणजे निघताना अविवाहित असावा. बायको असती तर कोचीतल्या लग्नाचा प्रश्न वेगळा झाला असता.

पानावर वय नसतं. कधीच नसतं. त्यामुळे युरोपातला बाप्तिस्मा शोधताना निघण्याच्या सालाआधीची १५ ते ४० वर्षं एवढा मोठा पट्टा घ्यावा लागतो.

२१ मे

कोलंबोची बाजू थोडक्यात. १७९५ नंतर कोचीतली काही कुटुंबं इकडेतिकडे गेली, म्हणून श्रीलंकेतल्या वंशावळी तपासल्या. डच बर्गर युनियनच्या (स्थापना १९०८) नियतकालिकात शेकडो घराण्यांच्या वंशावळी छापल्या आहेत, त्या जालावर वाचता येतात. वुल्फेन्दालच्या चर्चच्या वह्या आणि कोलंबोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले तोंबो, म्हणजे माणसं आणि जमिनींच्या डच याद्या, यांचा ताळा घेतल्याशिवाय त्या स्वीकारायच्या नाहीत. युनियनचं सभासदत्व पुरुषवंशातल्या युरोपीय पूर्वजावर ठरायचं. त्यामुळे मूळ पुरुष ठसठशीत आणि त्याच्या सिंहली, तमिळ किंवा तुपास बायका पुसट, असा झुकाव त्यांत आहे. आपल्या घराण्याचा संबंध सापडला नाही.

१० जून

जनुकीय चाचणी. घरच्यांनी आधीच 'वंशाची टक्केवारी' सांगणारी चाचणी केली होती, तिचा उपयोग नाही. आठ पिढ्यांवरच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी २५६ वा हिस्सा, म्हणजे ०.४ टक्क्यांच्या आसपास, आणि एखाद्या वंशजात तो अजिबात न उतरण्याचीही शक्यता आहे. शिवाय समाजातल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाल्यावर दूरचे भाऊबंद जवळचे दिसतात.

पुरुषवंशाची वाय-गुणसूत्राची चाचणी हवी, आणि तीही सखोल. नुसतं 'आर-१-ए' आलं तर काहीच ठरत नाही, तो गट भारतातही आहे आणि पूर्व युरोपातही. उपशाखा बघायची: झेड-९३ असेल तर दक्षिण आशियाकडचा कौल, झेड-२८२ असेल तर युरोपाकडचा. आपल्या नमुन्यात 'आर-१-बी'ची यू-१०६ शाखा आली. वायव्य युरोपात, नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीसह, ती भरपूर आढळते. पुरुषवंश युरोपीय, इतकं यावरून म्हणता येतं. डच की जर्मन, ते या चाचणीने कळत नाही. आणि साक्षीदार हेंड्रिकच आजोबा, हेही नाही.

२८ जून

घरच्यांसाठी अहवाल लिहायला घेतला. प्रत्येक पायरीसमोर कागद आणि खात्री. भुसावळपासून 'क'पर्यंत पक्कं. 'क'चा जन्म कोचीत, हे हजेरीपट आणि लग्नाची नोंद दोन्हींवरून पक्कं. 'क'चा बाप साक्षीदार हेंड्रिक, हे संभाव्य: मुलाचं नाव, साक्ष, त्या सालात कोचीतच असणं आणि दुसरा उमेदवार गळणं, अशा चार आधारांवर. 'हॉलंडचा' आणि 'कप्तान' हे दोन्ही अहवालात येणार नाहीत.

दोन प्रश्न घरच्यांनी विचारले, त्यांची उत्तरं अहवालातच घातली. डच नागरिकत्व मिळेल का? नाही, कंपनीच्या काळातल्या पूर्वजावरून ते मिळत नाही. मग आपण अँग्लो-इंडियन कसे? राज्यघटनेच्या कलम ३६६(२) मध्ये पुरुषवंशातला कोणताही युरोपीय पूर्वज पुरतो, तो इंग्रजच असला पाहिजे असं नाही.

राहिलेलं काम: साक्षीदार हेंड्रिकचं मूळ गाव. पगारवहीत ते डच रूपात आहे, जर्मन नाव बहुधा नॉयएनकिर्शन, आणि त्या नावाची गावं जर्मनीत बरीच. आईला जाणाऱ्या वेतनचिठ्ठीवर पैसे कंपनीच्या कुठल्या चेंबरमधून (शहरवार शाखेतून) उचलले गेले ते पाहून पट्टा आवळायचा. त्यानंतर कॅथलिक वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट, प्रॉटेस्टंट वह्या आर्खिऑनवर वर्गणी भरून. चेन्नईत मृत्युपत्रांचे दोन खंड अजून न पाहिलेले आहेत. त्यांच्या स्कॅनची मागणी नोंदवली. 'क'ला त्यांत मुलगा म्हटलेलं सापडलं तर 'संभाव्य' खोडून 'पक्की' लिहिता येईल.